शिक्षकांच्या लिंका ग्रंथालयाने कशा सांभाळाव्यात?

प्रश्न असा आहे: एका माध्यमिक शाळेत बारा शिक्षक आहेत. उपयोगी व्हिडिओ, लेख, नकाशे यांच्या लिंका प्रत्येक जण चॅट ग्रुपवर टाकतो. दोन दिवसांत त्या वर सरकून दिसेनाशा होतात आणि तीच लिंक पुन्हा मागितली जाते. मुख्याध्यापिकांनी ग्रंथपाल ताईंना सांगितलं आहे की ग्रंथालयानेच सगळ्यांसाठी एक सामाईक बुकमार्क संग्रह सुरू करावा. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कोणतं ॲप घ्यावं? लिंकांना दशांश वर्गीकरणाचे, म्हणजे पुस्तकांना विषयवार देतात तसे क्रमांक द्यावेत की टॅग, म्हणजे ओळखीचे छोटे शब्द लावावेत? आणि एवढी मेहनत करून हे टिकेल का?

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ॲप टिकणार नाही, हे धरूनच कामाला लागा. संग्रह मात्र टिकवता येतो. तो टिकवायचं कसब तुमच्या हातात आहेच, कारण ग्रंथालयात येणारं प्रत्येक पुस्तक जिच्यात चढवतात ती दाखल नोंदवही तुम्ही वर्षानुवर्षं लिहीत आला आहात.

ॲप टिकणार नाही असं मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. सोशल बुकमार्किंग लोकांपर्यंत पोचवलं ते डिलिशसने. ब्राउझरमध्ये एकट्यापुरती खूण करण्याऐवजी ती सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवायची, तिला आपल्या शब्दांत टॅग लावायचे आणि त्याच पानाला इतरांनी काय टॅग लावलेत तेही पाहायचं, एवढीच कल्पना. जोशुआ शॅक्टर यांनी ती सेवा २००३ मध्ये सुरू केली. २००५ च्या डिसेंबरात याहूने ती विकत घेतली. २००८ अखेर ५३ लाख वापरकर्ते आणि १८ कोटी वेगवेगळ्या लिंका असल्याचा सेवेचा दावा होता. एवढी मोठी सेवा कुठे जाणार, असं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. २०१० च्या डिसेंबरात याहूच्या आतल्या बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली, आणि गुंडाळायच्या सेवांच्या यादीत डिलिशसचं नाव होतं. लोकांनी रातोरात आपल्या लिंका उतरवून घेतल्या. २०११ मध्ये ती विकली गेली, पुढेही मालक बदलत राहिले, आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्क सेवेने ती घेऊन नव्या लिंका स्वीकारणं थांबवलं.

ही एकटीच गोष्ट असती तर मी एवढा जोर दिला नसता. मॅग्नोलिया नावाच्या सेवेचा डेटा २००९ च्या जानेवारीत खराब झाला आणि बॅकअपही कामाला आला नाही. संशोधकांसाठी २००४ मध्ये सुरू झालेल्या दोन सेवांपैकी कनोटिआ २०१३ मध्ये आणि साइटयूलाइक २०१९ मध्ये बंद झाली. लेख नंतर वाचायला जतन करून ठेवणारी पॉकेट तर अगदी अलीकडे, २०२५ च्या जुलैत. यातल्या बहुतेक सेवा चालवणारी माणसं कामात चोख होती. मोफत सेवा चालवायला पैसा लागतो, मालक बदलतात, नव्या मालकाला दुसरं काही करायचं असतं. यात तुमचा आमचा काही इलाज नाही. आपला इलाज आहे तो आपली वही आपल्याकडे ठेवण्यात.

माझ्या ग्रंथालयात हे मी ठेच लागून शिकले. आम्ही दोन वर्षं मन लावून लिंका गोळा केल्या होत्या, पण सगळा संग्रह एका सहकारी प्राध्यापिकेच्या खात्यावर होता. त्या दुसरीकडे रुजू झाल्या, त्यांचा जुना ईमेल बंद झाला, पासवर्ड बदलण्याचा संदेश त्याच बंद ईमेलवर जायचा. संग्रह डोळ्यांसमोर होता, पण त्यात हात घालता येत नव्हता, आणि काही महिन्यांनी तोही दिसेनासा झाला. हाती राहिला एकच छापील कागद. परीक्षेच्या आधी सूचना फलकावर लावायला मी चाळीसेक लिंकांची यादी काढली होती आणि प्रत्येक लिंकेखाली दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या: हे काय आहे, कोणत्या विषयाला, कुठे जपून वापरावं. त्या यादीतले कितीतरी पत्ते पुढे बदलले, तरी त्या दोन-तीन ओळींच्या आधाराने बहुतेक पानं पुन्हा शोधून काढता आली. ज्या शेकडो लिंकांना नुसते टॅग होते, त्यांतली एकही आठवेना. त्या दिवसापासून माझ्यासाठी लिंक दुय्यम झाली आणि टिपण मुख्य झालं.

म्हणून सुरुवात साध्या स्प्रेडशीटने करा. रकाने दाखल नोंदवहीसारखेच: क्रमांक, तारीख, शीर्षक, पत्ता, कोणी सुचवली, कोणत्या इयत्तेसाठी, टिपण, टॅग, शेवटची तपासणी. खातं शाळेच्या नावाचं, पासवर्ड किमान दोघांकडे. महिन्यातून एकदा त्या शीटची प्रत शाळेच्या संगणकावर उतरवायची. पुढे तुम्ही कितीही देखणं ॲप घेतलंत तरी मूळ नोंद या शीटमध्येच राहील, आणि ॲप म्हणजे त्या नोंदी मुलांना दाखवायची काचेची कपाटं. कपाट बदलता येतं.

आता टिपण कसं लिहायचं ते जवळून दाखवते. समजा विज्ञानाच्या शिक्षकांनी ग्रहणाचं एक ॲनिमेशन ग्रुपवर टाकलं आणि सोबत लिहिलं, 'छान आहे, जरूर पाहा'. सामान्यपणे आपण ते जतन करतो आणि टॅग लावतो: विज्ञान, ग्रहण, उपयुक्त. सहा महिन्यांनी ग्रहणाची अशी अकरा ॲनिमेशनं साठतात आणि त्यांतलं कोणतं दाखवावं हे कुणालाच सांगता येत नाही. याच नोंदीत पुढचा मजकूर असता तर: 'सूर्य, पृथ्वी, चंद्र एका रेषेत आल्यावर सावली कशी सरकते ते दिसतं. दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही, हा मुलांचा हमखास प्रश्न. चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली आहे हे दुसऱ्या मिनिटाला स्पष्ट दिसतं. आकार आणि अंतरं प्रमाणात नाहीत, हे आधी सांगावं. निवेदन इंग्रजीत, आवाज बंद करूनही चालतं. चार मिनिटं.'

हे टिपण वाचून दुसऱ्या शिक्षिका तासाला जायच्या आधी दहा सेकंदांत ठरवू शकतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. लिंकांच्या बाबतीत हा नियम जितका लागू पडतो तितका मला कपाटातल्या पुस्तकांच्या बाबतीतही कधी जाणवला नव्हता. पुस्तक हातात घेऊन चाळता येतं. लिंक उघडून, जाहिरात बंद करून, व्हिडिओ पुढे ढकलून मग कळतं की हे आपल्या कामाचं नाही.

टिपणातला सगळ्यात मोलाचा भाग असतो 'कुठे जपून वापरावं' हा. तो इंटरनेटवर कुठेही मिळत नाही. तो त्या शिक्षकाच्या डोक्यात असतो, कारण त्याने ते वर्गात दाखवलेलं असतं आणि मुलं नेमकी कुठे अडली हे पाहिलेलं असतं.

दुसरा प्रश्न, दशांश वर्गीकरण की टॅग. २००४ मध्ये थॉमस व्हँडर वॉल यांनी लोकांनी लावलेल्या टॅगांतून तयार होणाऱ्या वर्गीकरणाला फोक्सोनॉमी हे नाव दिलं, आणि पुढची काही वर्षं आमच्या क्षेत्रात जोरात वाद झाले. एक बाजू म्हणायची की आता तालिकाकारांची, म्हणजे ग्रंथालयाची सूची करणाऱ्यांची गरज उरली नाही, लोकच वर्गीकरण करतील. दुसरी बाजू म्हणायची की हा निव्वळ गोंधळ आहे. दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट फारशी बोलली जात नव्हती, ती म्हणजे आकडा. डिलिशसवरच्या टॅगांचा अभ्यास स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी केला. त्यांना दिसलं की एखादं पान साधारण शंभर जणांनी जतन केलं की त्याच्या टॅगांचं आपसातलं प्रमाण जवळपास स्थिर होतं. म्हणजे गर्दीतून शहाणपण खरोखर निघतं, पण एकेका पानामागे शंभर माणसं लागतात. तुमच्याकडे सगळ्या पानांमागे मिळून बारा आहेत.

बारा माणसांत काय होतं याचं उत्तर त्याच्याही आधीचं आहे. जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एकाच वस्तूला नाव द्यायला सांगितलं तर दोन माणसं तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. आपल्या भाषेत हे मला रोज दिसतं. एकाच पानाला कुणी 'जलचक्र' टॅग लावतं, कुणी 'पाण्याचे चक्र', कुणी 'पाणी', कुणी 'वॉटर सायकल'. शुद्धलेखनाचे फरक वेगळेच: 'हिंदी' आणि 'हिन्दी' हे संगणकासाठी दोन वेगळे टॅग आहेत. त्याहून चकवणारी गोष्ट म्हणजे 'ऱ्हास' किंवा 'तऱ्हा' यांतलं अक्षर दोन प्रकारे टंकता येतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण आत साठवलेली चिन्हं वेगळी, म्हणून बऱ्याच ठिकाणी एकाचा शोध घेतला तर दुसरं सापडत नाही. 'पर्यावरणाचा ऱ्हास' हा टॅग आमच्या यादीत दोनदा का दिसतोय हे शोधायला माझी एक अख्खी दुपार गेली होती. यावर उपाय एकच: टॅग टंकायचे नाहीत, ठरलेल्या यादीतून उचलायचे. स्प्रेडशीटमध्ये निवडयादी करता येते, ती करा.

मग यादी कशी करायची? दशांश वर्गीकरणाचे क्रमांक मी लिंकांना देणार नाही. वर्गांक हा पुस्तकाला कपाटात एक जागा देण्यासाठी असतो, आणि लिंकेला जागा लागत नाही. इथे मला रंगनाथन यांचीच दुसरी कल्पना जास्त कामाची वाटते. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाची पहिली आवृत्ती १९३३ ची. विषयाला एका खणात न कोंबता त्याचे पैलू वेगळे मांडायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, हा त्याचा गाभा. शाळेच्या लिंकांना चार पैलू पुरतात: विषय, इयत्ता, प्रकार आणि उपयोग. प्रकार म्हणजे व्हिडिओ, नकाशा, लेख, सराव, मूळ दस्तऐवज. उपयोग म्हणजे वर्गात दाखवायला, घरी वाचायला, प्रकल्पाला, शिक्षकांच्या तयारीला. प्रत्येक पैलूतून एकेक टॅग, बस. 'आठवी, नकाशा, वर्गात दाखवायला' असं निवडलं की हवं ते समोर येतं. सगळे मिळून साठच्या वर टॅग जाऊ देऊ नका. नवा टॅग हवा असेल तर तो आधी तुमच्याकडे यावा.

तरीही शिक्षकांचे आणि मुलांचे स्वतःचे शब्द फेकून देऊ नका. एक रकाना मोकळ्या शब्दांसाठी ठेवा. मुलं 'वॉटर सायकल' शोधणार असतील तर तो शब्द नोंदीत कुठेतरी असायला हवा. लोकांचे शब्द आणि ग्रंथपालाची शिस्त एकत्र कशी नांदते याचं मला फार आवडणारं उदाहरण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं आहे. २००८ च्या जानेवारीत त्यांनी सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना टॅग आणि प्रतिक्रिया लिहायला मोकळीक दिली. लोकांनी इमारती ओळखल्या, माणसं ओळखली, प्रसंगांच्या तारखा सांगितल्या. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ती माहिती पडताळली आणि त्याच वर्षीच्या अहवालापर्यंत पाचशेहून जास्त छायाचित्रांच्या मूळ तालिकेतल्या नोंदी सुधारल्या होत्या. माहिती लोकांची, पडताळणी ग्रंथपालांची, आणि शेवटी नोंद मूळ तालिकेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयानेही पेनटॅग्ज नावाचं साधन केलं होतं, ज्यात वेबपानं आणि तालिकेतली पुस्तकं या दोन्हींना एकत्र टॅग लावता यायचे. मला ती दिशाच योग्य वाटते. तुमच्या ग्रंथालयात कोहा किंवा तसं एखादं ग्रंथालयाची तालिका सांभाळणारं सॉफ्टवेअर असेल, तर वर्षभर वापरून सिद्ध झालेल्या लिंका सरळ तालिकेत आणा. मार्क नोंदीत, म्हणजे संगणकावरच्या तालिकेच्या ठरलेल्या नमुन्यात, पत्त्यासाठी ८५६ क्रमांकाचं क्षेत्र आहेच. मुलगी ग्रहणावरचं पुस्तक शोधेल तेव्हा तिला त्याच पडद्यावर ॲनिमेशनही दिसेल.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांना खाती उघडायला लावू नका. बऱ्याच सेवांच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना खातं उघडताच येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीतही मी सावध राहीन. माणूस काय जतन करतो यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते कळतं. एखाद्या आजाराबद्दल, घरातल्या त्रासाबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल मूल काही वाचत असेल, तर ते वर्गमित्रांना दिसता कामा नये. डिलिशसवर जतन केलेली लिंक आपोआप सगळ्यांना दिसायची, खासगी ठेवायची तर वेगळं सांगावं लागायचं. साधन निवडताना हे आधी तपासा. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे आपण देवघेवीच्या खिडकीवरून कुणाला सांगत नाही, तोच दंडक इथेही पाळायचा. मुलांसाठी फक्त वाचायचं पान असावं, लॉगिनशिवाय उघडणारं.

त्यांच्याकडून काम मात्र जरूर घ्या. 'या विषयावर दहा लिंका आणा' असा गृहपाठ कुणी देत असेल तर तो बदलायला सुचवा. दहा लिंका आणायला शोधयंत्राला एक क्षण लागतो, मुलाला काहीच करावं लागत नाही. त्याऐवजी दोन लिंका द्या आणि एक निवडायला सांगा, का निवडली ते चार ओळींत लिहून. निवड कशी करायची हे शिकवताना एक अभ्यास माझ्या फार उपयोगी पडतो. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी त्याच पानावर वर-खाली करत राहिले, मांडणी आणि लोगो पाहून बऱ्याचदा फसले. तथ्यतपासनीस मात्र काही क्षणांतच ते पान सोडून नवीन टॅबमध्ये गेले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहू लागले. शेजारी पाहून मग आत शिरायचं, एवढंच तंत्र. सहावीतल्या मुलांनाही एका तासात जमतं, मी करून पाहिलं आहे. आता तर त्याची गरज आणखी वाढली आहे. चॅटबॉटने दिलेले संदर्भ घेऊन मुलं खिडकीवर येतात आणि त्यातलं एखादं पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. एका माणसाने उघडून पाहिलेली, वर्गात वापरलेली आणि सही करून ठेवलेली लिंक ही आज त्यांना देण्यासारखी फार मोठी गोष्ट आहे.

आता पडताळणी. पुस्तकांची करतो तशी लिंकांची दर सत्राला करायची. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तुमच्या संग्रहाचंही तसंच होणार हे धरून चाला. लिंक नोंदवतानाच ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या सेवेत, जतन करायला सांगा. पत्ता चिकटवायचा आणि बटण दाबायचं, मोफत आहे. तिथे मिळणारा पत्ता शीटमध्ये मूळ पत्त्याशेजारी ठेवा. सगळी पानं जतन होत नाहीत. लॉगिनमागची आणि बरेचसे व्हिडिओ राहून जातात. अशा वेळी पुन्हा टिपणच उपयोगी पडतं.

लिंका तपासणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण त्यांच्यावर सगळं सोडू नका. पान सापडलं नाही तर सर्व्हर ४०४ हा आकडा पाठवतो आणि सॉफ्टवेअर लाल खूण करतं, इथपर्यंत ठीक. खरा धोका असतो तो हिरवी खूण मिळालेल्या लिंकांमध्ये. एखाद्या छोट्या संस्थेचं संकेतस्थळ बंद पडतं, नावाची मुदत संपते, ते नाव दुसराच कुणी विकत घेतो आणि त्यावर जुगाराची जाहिरात टाकतो. पान व्यवस्थित उघडतं, म्हणून सॉफ्टवेअर समाधानी. लिंक मात्र आपण सातवीच्या मुलांना दिलेली असते. म्हणून प्रत्येक लिंक सत्रातून एकदा माणसाने उघडायची, टिपणाशी ताडून पाहायची आणि शेवटच्या रकान्यात तारीख घालायची. दोनशे लिंका असतील तर रोज दहा, महिनाभरात होतं. दोन सत्रं कुणीच वापरली नाही ती लिंक निःसंकोच बाद करा. मोठा संग्रह दिसायला बरा वाटतो, पण शिक्षक शोधायला बसतात तेव्हा त्यांना लहान आणि खात्रीचा संग्रह हवा असतो.

राहिला ॲपचा प्रश्न. नावापेक्षा मी तुम्हाला कसोटी सांगते. दहा लिंका घ्या, मराठी टिपणं आणि टॅगांसकट त्या ॲपमध्ये भरा. मग एक्स्पोर्ट करून फाइल बाहेर काढा आणि दुसऱ्याच साधनात घालून पाहा. टिपणं आली का? टॅग आले का? जोडाक्षरं शाबूत आहेत का? तारखा टिकल्या का? कितीतरी साधनांत लिंका येतात आणि टिपणं गळून पडतात. आपल्यासाठी तर टिपण हाच संग्रह आहे. या कसोटीत नापास झालेलं साधन कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. ब्राउझरमधले बुकमार्क फाइलमध्ये काढून ती फाइल साध्या मजकुरासारखी उघडलीत तर पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल. नेटस्केप ब्राउझरची देखभाल २००८ मध्येच थांबली, पण त्याने घालून दिलेली फाइलची मांडणी सगळ्यांनी उचलली म्हणून ती आजही चालते. सर्वांना वाचता येईल अशी फाइल कंपनीपेक्षा जास्त जगते, आणि तुमचा संग्रह अशाच फाइलमध्ये असायला हवा.

तरी नाव हवंच असेल तर माझा कल झोटेरो या संदर्भ साठवायच्या साधनाकडे आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या एका केंद्राने ते २००६ मध्ये सुरू केलं, मुक्तस्रोत आहे, गट करून सामाईक संग्रह ठेवता येतो, आणि पानाची प्रत आपल्या संगणकावर साठवता येते. शिक्षकांना सुरुवातीला थोडं अवघड वाटतं, पण ते तुम्ही एकटीने सांभाळायचं आहे, त्यांना फक्त पान पाहायचंय. दिसायला सोपं हवं असेल तर रेनड्रॉप चांगलं आहे, पानावरच्या ओळी रंगवून त्यावर चर्चा करायची असेल तर हायपोथिसिस. तिन्हींना दहा लिंकांची कसोटी लावा.

आणि शिक्षकांना नवीन ॲप शिकायला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. असे प्रयत्न मी तरी पहिल्या महिन्यातच बंद पडताना पाहिले आहेत. त्यांना चॅट ग्रुपवर टाकायची सवय आहे ना, तिथेच टाकू द्या. तुम्ही रोज पंधरा मिनिटं ग्रुप चाळा, कामाची लिंक उचला, आणि मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांना गाठून एकच प्रश्न विचारा: 'सर, हे वर्गात दाखवलंत तेव्हा मुलं कुठे अडली?' ते जे सांगतील ते तसंच्या तसं टिपणात उतरवा आणि 'कोणी सुचवली' या रकान्यात त्यांचं नाव घाला. आमच्याकडे गणिताचे एक ज्येष्ठ सर होते, ग्रुपवर कधीच काही लिहायचे नाहीत. पुस्तक बदलायला आले की मी विचारायची आणि ते उभ्या उभ्या सांगायचे, की अपूर्णांकाचं हे चित्र चांगलं आहे, पण छेद शून्य झाला तर काय हे मुलं विचारतात आणि यात ते नाही. आमच्या संग्रहातली सगळ्यात जास्त उघडली गेलेली टिपणं त्यांची होती.

उद्या एवढंच करा: ग्रुपमधल्या गेल्या महिन्याच्या लिंका काढा, त्यांतल्या वीस निवडा आणि प्रत्येकीसाठी त्या त्या शिक्षकाशी दोन मिनिटं बोला. वीस टिपणं शीटमध्ये उतरली की मग ॲप पाहायला बसा.